कोणते मामाजी? वऱ्हाडातल्या सासरी नाती ओळखण्याची रीत

लग्न होऊन दारव्ह्याजवळच्या आमच्या गावी आले, त्याच्या चौथ्या दिवशीची गोष्ट. ओसरीवर सात-आठ माणसं बसलेली. सासूबाईंनी चुलीजवळून कपबशी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "मामाजीले चाय देऊन ये व." मी डोंबिवलीची. आदल्याच रात्री नवऱ्याने त्याच्या मामांची ओळख करून दिली होती. मी पदर सावरत गेले आणि मामांसमोर कप धरला. ते घेईनात. "आधी त्यायले दे," म्हणून हात दाखवू लागले. मला वाटलं संकोच आहे, म्हणून मी आणखी आग्रह केला, "घ्या ना मामा, तुमच्यासाठीच आणलाय." ओसरीवर खसखस पिकली. पलीकडे खांबाला टेकून बसलेले माझे सासरे मिशीतल्या मिशीत हसत वाट बघत होते. कारण इकडे सुनेचा मामाजी म्हणजे सासरा. नवऱ्याचा मामा तो नुसता मामा, आणि कोणाला समजावून सांगायचं असेल तर मामसासरा.

त्याला आता एकवीस वर्षं झाली. पुण्या-मुंबईहून इकडे सून किंवा जावई म्हणून येणाऱ्यांचे तेच गोंधळ दर लग्नसराईत बघते, म्हणून हे लिहून ठेवते आहे. मी सांगते ती रीत यवतमाळ-अमरावती-अकोला पट्ट्यातली, वऱ्हाडी बोलणाऱ्या घरांतली आहे. भंडारा-गोंदियाकडे झाडीबोली आणि पोवारी आहे, गडचिरोलीत गोंडी-माडिया घरं आहेत, तिथले शब्द आणि रिती वेगळ्या. आणि एकाच गावात समाज बदलला की थोडं इकडचं तिकडे होतं, हेही धरून चाला.

पहिली पायरी : सांगायचा शब्द वेगळा, हाकेचा वेगळा

प्रत्येक नात्याला दोन शब्द असतात. एक त्या माणसाबद्दल दुसऱ्याला सांगताना वापरायचा, दुसरा त्याला हाक मारताना. सासरा हा सांगायचा शब्द, मामाजी हा हाकेचा. सासू सांगायची, हाक आत्या किंवा आत्याबाई. नणंद सांगायची, हाक ताई किंवा बाई. दीर सांगायचा, हाक भाऊजी. जाऊ सांगायची, हाक मोठी असेल तर ताई किंवा जाऊबाई, लहान असेल तर सरळ नाव. "अहो सासरे" कोणी म्हणत नाही हे उघड आहे, पण "अहो नणदोई" म्हणणारा एक शहरी पाहुणा मी पाहिलाय.

यात आणखी एक मेख आहे, आणि माझा चहा तिथेच चुकला. घरातलं मोठं माणूस तुमच्याशी बोलताना स्वतःचं नातं लावत नाही, तुमचं लावतं. सासूबाईंसाठी ते नवरा. पण मला सांगताना त्या म्हणाल्या मामाजी. त्याच दुपारी मोठ्या जावेच्या पोराला म्हणाल्या, "आबाले पान नेऊन दे." माणूस तोच, ओसरीवरचा खांबही तोच. तेव्हा कानावर शब्द पडला की पहिला प्रश्न हा : बोलणारी कोणाशी बोलते आहे?

दुसरी पायरी : आपलं वय माहेरी ठेवून या

सासरी तुमचं वय तुमचं नसतं. सुनेने नवऱ्याचं वय लावून चालायचं, जावयाने बायकोचं. माझी मोठी जाऊ माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. मी एम. ए. होऊन, दोन वर्षं नोकरी करून अठ्ठाविसाव्या वर्षी आले. तिचं लग्न एकोणिसाव्या वर्षी झालेलं, कडेवर पोर. पण ती माझ्या भासऱ्याची बायको. तिच्या पाया मी पडायचं, आणि तिने मला "अगं" म्हणायचं. पहिले सहा महिने दोघींनाही अवघड गेलं. ती मला चुकून अहोजाहो करायची, मग सासूबाई डोळे वटारायच्या. नंतर आमचं आम्ही ठरवलं : चारचौघांत ती ताई, मागच्या अंगणात भांडी घासताना मी तिची मैत्रीण.

आता भासरा. हा शब्द शहरात जवळजवळ गेलाय, तिकडे नवऱ्याचा थोरला आणि धाकटा दोघेही दीरच. इकडे थोरला तो भासरा, धाकटा तो दीर, आणि या दोघांशी वागायची रीत दोन टोकांची. दिराशी थट्टामस्करी चालते, होळीला रंग चालतो, त्याला गिरणीत दळण घेऊन पिटाळता येतं. भासऱ्यासमोर मात्र डोक्यावर पदर, खाली नजर, आणि तो बसलेल्या बाजेवर आपण बसायचं नाही. जुन्या बाया तर भासऱ्याचं नावही घेत नसत. आमच्या आजेसासूबाईंच्या भासऱ्याचं नाव गुलाब होतं. त्या आयुष्यभर गुलाबाच्या फुलाला "ते लाल फूल" म्हणत राहिल्या. आज इतकं कोणी पाळत नाही. माझे भासरे मला मोटरसायकलवर तालुक्याला सोडून येतात. पण नव्या सुनेने पहिल्या महिन्यात थोडं अंतर ठेवलं तर लोकांना बरं वाटतं, आणि अंतर कमी करायला पुढे आयुष्य पडलेलं असतं.

तिसरी पायरी : भाऊबंद कोण, सोयरा कोण

हे कळलं की अर्धं घर कळलं. नवऱ्याच्या बापाच्या, आज्याच्या वंशातली, एका कुळाची माणसं ती भाऊबंद. जिथून सुना आल्या आणि जिथे लेकी दिल्या ते सोयरे. भाऊबंदांत लग्न होत नाही, सोयऱ्यांत होतं. २०२४ च्या जानेवारीत आरक्षणाच्या सरकारी मसुद्यात सगेसोयरे हा शब्द आला, तेव्हा टीव्हीवर दिवसभर त्याची व्याख्या चालली होती. आमच्या ओसरीवर ती एका वाक्यात उरकली : ज्याच्या घरी लेक देता येते तो सोयरा.

नवख्याला ओळखायची सोपी खूण पंगतीत सापडते. वाढतो तो भाऊबंद, बसतो तो सोयरा. लग्न असो की तेरवी, चुलतभावांची पोरं बादल्या घेऊन पळत असतात आणि सोयरे पानावर बसून "पुरे पुरे" म्हणत असतात. तुम्ही सून असाल तर तुमचं माहेर या घराचं सोयरं झालं. म्हणून तुमच्या भावाने मदत करायला वरणाची बादली उचलली तर चार जण धावत येऊन ती हिसकावतील. माझ्या भावाला ते अपमानासारखं वाटलं होतं. तो मान होता.

सुतकही याच रेषेवर चालतं. भाऊबंदांत कोणी गेलं तर दहा दिवस, आणि ते तुम्हालाही लागतं, कारण लग्नानंतर तुम्ही या कुळाच्या. तुमच्या स्वतःच्या आई-वडिलांचं मात्र लग्न झालेली लेक म्हणून तीनच दिवस. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला फार लागलं होतं. अजूनही पटत नाही. पण पहाटे फोन वाजला आणि घरातले लोक "आपल्याला किती दिवस?" असं विचारू लागले तर ते काय मोजताहेत ते ठाऊक असलेलं बरं.

मधेच थांबून : सासरा मामा का?

हा प्रश्न मला दोन वर्षं छळत होता. सासरा माझ्या आईचा भाऊ नाही, सासू माझ्या बापाची बहीण नाही. मग मामाजी आणि आत्या कसे?

उत्तर आजेसासूबाईंनी दिलं, गहू निवडता निवडता. त्यांचं स्वतःचं लग्न आत्याच्या पोराशी झालेलं. म्हणजे त्यांची सासू खरोखरच आत्या. आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडे पोरं मामाजी म्हणतात, म्हणून सासरा मामाजी. त्यांच्या नवऱ्याच्या बाजूने बघितलं तर त्याने मामाची पोरगी केली, म्हणून त्याचा सासरा खरोखरच मामा आणि सासू मामी. पूर्वी अशी लग्नं इतकी सहज होत की पुढे नात्याबाहेरची सून आली तरी हाका त्याच राहिल्या. माझ्यासारखी डोंबिवलीची मुलगी जेव्हा सासऱ्याला मामाजी म्हणते, तेव्हा ती न झालेल्या एका आत्येच्या घरी आलेली असते.

इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतभरच्या नातेव्यवस्थेचा अभ्यास मांडला, त्यात महाराष्ट्र उत्तर आणि दक्षिणेच्या मधल्या पट्ट्यात येतो. उत्तरेत मामे-आते भावंडांची लग्नं निषिद्ध, दक्षिणेत ती हौसेची. आपल्याकडे मधलं : मामाची मुलगी चालते, आत्याची मुलगी बरेच समाज टाळतात. लेक दिली त्या घरून पुन्हा लेक आणायची नाही, वेल माघारी वळवायचा नाही, असं म्हातारी माणसं सांगतात. चुलत आणि मावस भावंडांचा तर प्रश्नच नाही, ती सख्ख्यासारखी. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने भावाची आणि बहिणीची मुलं यांचं लग्न निषिद्ध नात्यांत घातलं आहे, पण दोन्हीकडे तशी रूढी असेल तर सूट ठेवली आहे. आमच्या गावात आता अशी लग्नं क्वचित होतात. हाका मात्र जागच्या जागी आहेत.

आणि ते "जी"? मामाजी, काकाजी, भाऊजी. नुसतं "हो" न म्हणता "हो जी". विदर्भाचे आठ जिल्हे १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होते, राजधानी नागपूर. हिंदीचा शेजार जुना आहे, तिथून हे घट्ट झालं असावं असा माझा अंदाज. तुम्हाला एवढंच लक्षात ठेवायचंय की शब्द आठवला नाही तर शेवटी जी लावा; निम्मा गुन्हा माफ होतो.

चौथी पायरी : लेकीकडची माणसं नेहमी वर

सुनेकडची माणसं खाली आणि लेक ज्या घरी दिली तिथली माणसं वर, हा जुना हिशेब आहे. चांगला की वाईट ते तुम्ही ठरवा, पण तो कळल्याशिवाय पाया पडायचा क्रम कळत नाही.

नणंद वयाने लहान असली तरी मानाची. तिचा नवरा नणदोई, बोलण्यात नंदोई, हा घरचा जवाई, म्हणजे त्याला पहिलं पान. आणि त्यांची पोरं, म्हणजे तुमच्या नवऱ्याचे भाचे-भाच्या, ती सगळ्यांत वर. माझ्या पहिल्या पोळ्याला नणंद आली होती. दारात रिक्षा थांबली आणि माझा नवरा, सहा फुटी माणूस, वाकून सहा वर्षांच्या भाच्याच्या पायाला हात लावून मोकळा झाला. भाचा एका हातात चिक्की धरून उभा होता, त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. मी मात्र उलटं करायला निघाले होते, त्याला पाया पडायला सांगणार होते. सासूबाईंनी माझं कोपर धरलं. आमच्या घरात आणि आजूबाजूच्या बऱ्याच घरांत मामा भाच्याच्या पाया पडतो, भाच्याला पडू देत नाही. मामी म्हणून तुमच्यावरही ते आलंच.

जवाई म्हणून आलात तर

सुनेच्या मानाने तुमचं काम सोपं, आणि धोके वेगळे.

सासरा मामाजी, सासू मामीजी किंवा आत्या; बायको ज्या शब्दाने सांगेल तो. बायकोचा भाऊ साळा किंवा मेव्हणा. तिची धाकटी बहीण साळी. तिच्याशी थट्टेची मुभा आहे, पण ती मुभा म्हणजे जोडे लपवण्यापुरती, याची आठवण काही जवायांना करून द्यावी लागते. तिची थोरली बहीण मात्र थट्टेतली नव्हे. तिला इकडे आकडसासू म्हणतात, नावातच सासू आहे, आणि वागायचंही तसंच. तिचा नवरा तुमचा साडभाऊ, शहरातला साडू. जुनी माणसं बहिणीच्या नवऱ्याला भाटवा म्हणतात. "हे माहे भाटवे होय" असं कोणी तुमच्याकडे बोट दाखवून म्हणालं तर दचकू नका, तुमचा साळा तुमची ओळख करून देतोय.

पाया पडण्याच्या बाबतीत जवायाचं उलटं असतं. शेजारच्या घरी पुण्याचा जवाई आला होता, मोठा संस्कारी मुलगा. दारात शिरला तसा सासऱ्याच्या पायाशी वाकला. सासरे चपळाईने मागे सरकले, हा आणखी पुढे झाला, ते आणखी मागे, असं करत दोघं ओसरीवरून थेट माजघरात पोचले. जुन्या घरांत सासू-सासरे जवायाच्या पाया पडतात, पाय धुतात. तुम्हाला ते अवघड वाटणारच, मलाही बघायला अवघड वाटतं. हात जोडून "राहू द्या मामाजी" म्हणा आणि झटकन बाजेवर बसा. पळापळ वाचते.

अधिक महिना तुमचा. धोंड्याच्या महिन्यात लेक-जवायाला बोलावून जेवण घालतात, तेहेतीस अनारसे देतात. अधिक मास साधारण साडेबत्तीस महिन्यांनी येतो, त्यावरून तेहेतीस. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, पावसाळी हवेत जवायांची चंगळ झाली. २०२६ चा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून असा, आणि इकडचा मे महिना ज्याने सोसलाय त्याला सांगायला नको. तुपात तळलेले अनारसे आणि बाहेर त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंश. बोलावणं आलं तर जा, पण सकाळच्या गाडीने.

आणि जेवताना सासूने "सांबार घालू का?" विचारलं तर इडलीबरोबरचं डोळ्यासमोर आणू नका. सांबार म्हणजे कोथिंबीर.

इवाई आणि ईन

तुमच्या लग्नाने फक्त तुम्हीच नात्यात आलात असं नाही, तुमचे आई-वडीलही आले. पुस्तकातले व्याही आणि विहीण म्हणजे वऱ्हाडीतले इवाई आणि ईन. इथे उच्चाराची एक किल्ली देते, पुढे फार उपयोगी पडेल. शब्दाच्या सुरुवातीचा वि-वी गळून इ-ई राहतो : विहीर ती इहीर, वीस ते ईस. ळ चा य होतो : डोळा तो डोया, म्हणून साळी ती सायी. ण चा न होतो : पाणी ते पानी, नणंद ती ननंद. ही तीन कुलपं उघडली की आजेसासूबाईंचं बोलणं निम्म्याहून जास्त कळतं.

इवाई हा एकट्या सासऱ्याचा शब्द नाही. माझे वडील जसे माझ्या सासऱ्यांचे इवाई, तसेच त्यांच्या सगळ्या भाऊबंदांचे इवाई. माझे बाबा पहिल्यांदा गावात आले तेव्हा एसटीच्या फाट्यावरून घरापर्यंत अकरा जणांनी त्यांना "राम राम इवाई" केलं. बाबा डोंबिवलीत वीस वर्षं एका मजल्यावर राहून शेजाऱ्याचं आडनाव विसरणारे. ते घाबरून मला म्हणाले, "हे सगळे मला कसे काय ओळखतात?" ओळखत नव्हते. गावात नवा शर्ट घातलेला, पिशवीत मिठाईचा पुडा घेतलेला अनोळखी माणूस कोणाचा तरी इवाईच असणार, एवढं त्यांना ठाऊक होतं.

इवायांची एकमेकांत थट्टा चालते, ईनींची तर गाण्यांतून चालायची. तुमच्या आईला कोणी पंगतीत टोमणा मारला तर लगेच लढायला उठू नका. आधी बघा, मारणारी ईन आहे का. असेल तर उत्तर द्यायचं काम तुमच्या आईचं, आणि ते तिने दिलेलंच लोकांना आवडतं.

लग्नाआधीच्या बोलावण्यांत दोन शब्द लागतील : साखरपुड्याला इकडे साक्षगंध म्हणतात आणि केळवणाला गडगनेर. बस.

एका माणसाची दोन नाती झाली तर

खरी परीक्षा इथे. आमच्याच गावात एक घर आहे, दोन भावांना दोन सख्ख्या बहिणी दिलेल्या. धाकटीची जाऊ तिची बहीणच, भासरा तिच्या बहिणीचा नवरा, म्हणजे भाटवा. लहानपणापासून ज्याच्याशी साळी म्हणून मस्करी केली त्याच्यासमोर आता पदर घ्यायचा की नाही? तिने मधला मार्ग काढलाय. सासरच्या अंगणात पदर, माहेरच्या अंगणात मस्करी. माणूस एकच, पण अंगण बघून नातं.

दुसरा प्रकार साटंलोटं. याने त्याची बहीण केली, त्याने याची. मग तुमची नणंद हीच तुमची भावजय, आणि नणदोई हा तुमचा सख्खा भाऊ. वर सांगितलेला लेकीकडच्यांचा मान इथे दोन्हीकडून फिटतो, कोणी कोणाच्या वर राहत नाही. फक्त एकाच्या घरी भांडण झालं की दुसऱ्याच्या घरी दुसऱ्या दिवशी भांडण होतं. अशा घरात नवीन असाल तर नियम एवढाच : जे नातं आधी होतं त्याची हाक ठेवा. भाऊ तो भाऊ. नणदोई तो फक्त पंगतीत, पहिलं पान वाढताना.

मामाच्या घरी दिलेल्या, आत्याच्या घरी आलेल्या पोरींनाही हेच लागू. आत्या सासू झाली तरी आत्याच. तिला हाक बदलावी लागत नाही, हा त्या लग्नाचा एक फायदा आजेसासूबाई सांगायच्या. तोटेही सांगायच्या : "माहेरी जाऊन सासूची चुगली कराची सोय नाई. बापाचीच बहीन."

अडलंच तर लेकरांना विचारा

इतकं वाचूनही महालक्ष्म्यांच्या जेवणाला साठ माणसं आली की डोकं चालणार नाही. महालक्ष्म्या म्हणजे तिकडच्या गौरी; इकडे त्यांचा थाट दिवाळीहून मोठा, तिन्ही-चारी भावांची घरं जुन्या वाड्यात जमतात, आंबील-पुरणाचा स्वयंपाक, आणि प्रत्येक जण गृहीत धरतो की आपण त्याला ओळखतो. अशा वेळी मोठ्यांना विचारलं तर ते उत्तर देण्याऐवजी हसतात. घरातलं आठ-दहा वर्षांचं लेकरू गाठा. शक्यतो जावेचं. त्याला कानात विचारा, "हे तुझे कोण?" आणि आलेलं उत्तर मनात फिरवून घ्या.

लेकरू मोठेबाबा म्हणालं तर तो त्याच्या बापाचा थोरला भाऊ. तुमचा नवरा त्याच्या बापाच्या बरोबरीचा किंवा धाकटा असेल तर तुमचा भासरा. मोठीमाय म्हणालं तर मोठी जाऊ. काका तर दीर. आत्या तर नणंद, आणि आत्याजवळ बसलेले मामाजी ते नणदोई. नुसता मामा म्हणालं तर तो जावेचा भाऊ, म्हणजे सोयरा, त्याला पाणी विचारा आणि काम सांगू नका. आबा-आजी म्हणालं तर काही फिरवायचं नाही, सरळ पाया पडा. लेकराने "माईत नाई" म्हणून खांदे उडवले तर तो माणूस दूरचा आहे; त्याला भाऊ म्हणा, बाई असेल तर वैनी. वऱ्हाडात एसटीच्या कंडक्टरपासून बियाण्याच्या दुकानदारापर्यंत सगळे भाऊच असतात, आणि त्यात कोणाचा अपमान होत नाही.

वही करायची असेल तर करा, मी केली होती. पण नावांपुढे नातं लिहू नका, कारण पुढच्या लग्नाला ते बदलतं. नावापुढे नवरा काय हाक मारतो तेवढं लिहा, आणि तो माणूस वाढत होता की बसला होता ते.

गेल्या महालक्ष्म्यांना मोठ्या जावेची सून पहिल्यांदा आली, पुण्याची. माझी पुतणसून, मी तिची चुलतसासू; हाकेला काकू. दुपारी जेवणं आटोपल्यावर ओसरीवर पुरुष मंडळी पडली होती. खांबाशी माझे भासरे, म्हणजे तिचे सासरे. पलीकडे नंदोई, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या आत्याचे यजमान. जावेने चुलीवरून चहा उतरवला, कपात ओतला, सुनेच्या हातात दिला आणि म्हणाली, "मामाजीले चाय देऊन ये व."

पोरगी उंबऱ्यापर्यंत गेली, बाहेर डोकावली, आणि कप घेऊन परत आली.

"आत्या, कोणते मामाजी?"

जावेने माझ्याकडे बघितलं. मग दुसरा कप भरला. "दोघायलेही दे," ती म्हणाली, "पन नंदोयाले आधी."